ऐंशीपुढच्या माणसाचं काम काढून घेऊ नका, मापात बसवा

घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसाला कामात ठेवताना तीन चुका हमखास होतात. पहिली, एकदा पाय घसरला की घरचे सगळंच काम हातातून काढून घेतात. दुसरी याच्या उलट: ‘त्यांना सवय आहे’ म्हणत भरलेली बादली, शिडी, गोठ्यातलं जनावर सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं, ते पडेपर्यंत. तिसरी चूक सर्वांत फसवी. उभ्याची आणि चालण्याची कामं बंद होतात, त्यांच्या जागी लसूण सोलणं, वाती वळणं, शेंगा फोडणं येतं. हात दिवसभर चालतात म्हणून आजी कामात आहेत असं सगळ्यांना वाटतं, पण मांड्यांना दिवसभर काहीच काम नसतं. सहा महिन्यांनी खुर्चीतून उठायला आधार लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं.

वयाने ताकद जातेच. पण न वापरल्यामुळे जाते ती वेगळी, आणि ती बरीचशी परत मिळवता येते. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीतल्या मंडळींकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. तिथे देखरेख होती, साधनं होती. घरी एवढं जमणार नाही, पण दिशा तीच.

ही पद्धत घरात स्वतःच्या पायांनी किंवा काठी घेऊन हिंडणाऱ्या माणसासाठी आहे. अंथरुणाला खिळलेल्या, नुकतंच हाड मोडलेल्या किंवा महिन्याभरात हृदयविकार अथवा पक्षाघात झालेल्या माणसाने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी.

क्रम मात्र पाळा: आधी निरीक्षण, मग तपासणी, मग घर, मग पाय, आणि त्यानंतर काम. उत्साहात पहिल्याच दिवशी काम वाढवलं की आठवड्यात कंबर धरते, आणि मग ‘नकोच ते’ म्हणून सगळं थांबतं.

टप्पा १: चार दिवस नुसतं बघा

काहीही बदलू नका. वही घ्या आणि चार दिवस आजी काय काय करतात ते लिहा. प्रत्येक कामापुढे चारपैकी एक शब्द टाका: बसून, उभ्याने, चालत, उचलून. भाजी निवडणं बसून. पोळ्या लाटणं ओट्याशी उभ्याने. देवासाठी फुलं आणणं चालत. पाण्याचा तांब्या नेणं उचलून आणि चालत.

शिवाय एक आकडा लिहा: दिवसात त्या बसल्या जागेवरून किती वेळा उठतात. या पद्धतीत हाच आकडा सर्वांत उपयोगी पडतो. पाणी, चष्मा, फोन, औषध सगळं हाताशी आणून देणाऱ्या प्रेमळ घरात हा आकडा बहुधा सर्वांत कमी निघतो.

तपासा: यादीत उभ्याने किंवा चालत करायचं एकही काम नसेल, तर हात कितीही चालोत, माणूस पायांनी निवृत्त झालेला आहे असं समजा.

टप्पा २: औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे

काम वाढवण्याआधी ही फेरी चुकवू नका. चिठ्ठी नको, पिशवीच न्या. त्यात आयुर्वेदिक चूर्णं, शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या, झोपेची गोळी, डोळ्यांचे थेंब सगळं असू द्या. पुढच्या गोष्टी स्वतःहून विचारा, कारण गर्दीच्या ओपीडीत त्या राहून जातात.

रक्तदाब आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना येणारी चक्कर अशक्तपणाची नाही, रक्तदाब उतरण्याची आहे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असं होतं. डोस किंवा वेळ बदलून फरक पडू शकतो, मात्र तो बदल डॉक्टरांनीच करायचा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल, तर काम वाढल्यावर साखर जास्त खाली जाऊ शकते, हे आधीच बोलून घ्या. हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवत नाही. दरदरून येणारा घाम मात्र जाणवतो. घरच्यांनी घामाकडे लक्ष ठेवावं.

हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी माणसात आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. ते कमी असलं की तळव्यांना मुंग्या येतात, जमीन नीट कळत नाही आणि तोल जातो. घरी त्यालाच ‘म्हातारपण’ म्हटलं जातं.

डोळे, कान आणि पाय यांना वेगळा वेळ द्या. दोन नंबरांचा चष्मा लावून पायऱ्या उतरताना खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त लांबचा साधा चष्मा वेगळा करून घेता येतो. पायाची नखं बहुतेकांना स्वतःला कापता येत नाहीत आणि सांगायचा संकोच वाटतो. तुम्हीच विचारा.

सावधान: चालताना छातीत दुखणं, थोड्या श्रमात नवीनच लागलेली धाप, वरचेवर शुद्ध हरपणं यातलं काहीही असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा ३: घरच्या तीन चाचण्या

तिन्ही वेळी शेजारी एक धडधाकट माणूस उभा हवा. पायात रोजची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट.

खुर्चीची चाचणी: हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ८० ते ८४ वयात बाईला ९ आणि पुरुषाला १० वेळा जमलं पाहिजे. ८५ ते ८९ मध्ये दोघांनाही ८. नव्वदीनंतर, ९४ पर्यंत, बाईला ४ आणि पुरुषाला ७. याहून कमी म्हणजे पडण्याचा धोका वाढलेला. हाताचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य धरतात. त्याने खचून जाऊ नये, तिथूनही सुरुवात होते.

चालण्याची चाचणी: खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ. उठायचं, रोजच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. घड्याळाइतकंच वळण्याकडेही लक्ष द्या. पाच-सहा छोटी पावलं टाकत वळणारा माणूस घरात वळतानाच पडतो.

तोलाची चाचणी: ओट्याजवळ उभं राहून, आधार न घेता, प्रत्येकी १० सेकंद. आधी पाय जोडून, मग एक पाय अर्धा पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे एका रेषेत. तिसरी स्थिती १० सेकंद टिकली नाही, तर उभ्याची सगळी कामं आधाराशेजारीच द्यायची.

तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. ‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नका.

टप्पा ४: घर आणि अंगण कामासाठी तयार करा

पडण्याच्या भीतीने काम बंद करण्याआधी पडण्याची कारणं बंद करा. बहुतेक घरांत ती ठरलेली असतात: मोरीतली शेवाळलेली फरशी, दारातलं निसटतं पायपुसणं, उंबरा, रात्री संडासाकडे जाण्याच्या वाटेवरचा अंधार, आणि सैल झालेली स्लीपर.

मोरीत आणि कमोडजवळ भिंतीला पक्का दांडा बसवा. टॉवेलची सळई आधाराला चालत नाही, ती वजनाने उपटते. उंबऱ्याच्या कडेला रंगाचा ठळक पट्टा मारा. पलंगाची उंची अशी ठेवा की कडेला बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघा साधारण काटकोनात राहील. बाजेची सैल नवार घट्ट करून घ्या. खोलगट बाजेतून उठणं खुर्चीपेक्षा कितीतरी अवघड असतं.

काठी बहुतेकांची लांबीला चुकलेली असते, कारण ती आजोबांकडून आजींकडे आलेली असते. सरळ उभं राहून हात खाली सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. तळाचं रबर गुळगुळीत झालं की बदला. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र यांसाठी महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तींना एकरकमी ३,००० रुपयांचं साहाय्य ठरवलेलं आहे. उत्पन्नाची अट आहे, समाजकल्याण कार्यालयात विचारा.

कपड्यांकडेही बघा. लुगड्याचा लोंबता घोळ, धोतराचा सोगा आणि फरशीवरचे मोजे, तिन्ही पाडतात.

तपासा: रात्री दिवा न लावता स्वतः पलंगापासून संडासापर्यंत चालून बघा. तुमचा हात जिथे भिंत शोधतो, तिथे आधार किंवा दिवा हवा.

टप्पा ५: चार आठवडे फक्त पाय

इथे घाई करतात आणि इथेच सगळं बिघडतं. काम हा व्यायामच आहे, वेगळा कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तरुणपणी ते खरं होतं. ऐंशीनंतर काम करण्याइतकी ताकद आधी कमवावी लागते.

एक दिवसाआड, नाश्त्यानंतर तासाभराने, चार हालचाली:

१. खुर्चीतून उठणं-बसणं. पाय किंचित मागे घ्या, नाक पंजांच्या पुढे येईपर्यंत कमरेतून पुढे झुका, मग उठा. पाच वेळा. बसताना धपकन बसू नका. तीन मोजत खाली या. खाली येतानाच मांडीला खरं काम पडतं. हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर दुमडलेली घोंगडी टाकून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा.

२. ओटा धरून टाचा उचलणं. दहा वेळा, सावकाश.

३. ओट्याच्या कडेकडेने आडवं चालणं. चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे, तीन फेऱ्या. कमरेच्या बाजूचे स्नायू यानेच तयार होतात. तोल जाताना तेच सावरतात.

४. घरातल्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून एक पाय ठेवणं आणि काढणं. प्रत्येक पायाने पाच वेळा.

पहिल्या आठवड्यात एक फेरी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात दोनच, पण उठण्याच्या वेळा पाचवरून आठवर. शेवटच्या दोन वेळा ‘आता जड जातंय’ असं वाटलं पाहिजे. सगळं अगदी सहज होत असेल तर ताकद वाढत नाही, नुसता वेळ जातो. श्वास रोखू नये. उठताना मोठ्याने आकडे मोजायला लावा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो.

अधल्यामधल्या दिवशी चालणं. दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्या सर्वांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. नव्वदीच्या माणसाला १५० मिनिटं जमली नाहीत तरी जेवढी जमतील तेवढी मिळवावीत.

सावधान: स्नायू दोन दिवस दुखणं चालेल. सांधा सुजणं, गरम होणं किंवा रात्री ठणकणं चालणार नाही. तसं झालं तर ती हालचाल आठवडाभर थांबवा, बाकीच्या चालू ठेवा.

टप्पा ६: आता कामं मापात बसवा

पहिल्या टप्प्यातली वही काढा. कुठलंही काम पूर्ण काढण्याआधी चार प्रश्न विचारा: वजन अर्धं करता येईल का? उंची बदलता येईल का? वेळ बदलता येईल का? मधे बसता येईल का? या चारांत बहुतेक कामांचा प्रश्न सुटतो.

वजन. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो. एका हातात ती घेतली की पाठीचा कणा एका बाजूला वाकतो. हाडं ठिसूळ झालेली असतील तर अशा उचलण्यातच मणका चेपतो आणि अचानक पाठ धरते. झाडांना पाणी घालायचं असेल तर दोन-दोन लिटरचे डबे, दोन्ही हातांत सारखे. फेऱ्या वाढतील, आपल्याला फेऱ्याच हव्या आहेत. जमिनीवरून वजन उचलत कमरेतून पिळायचं नाही. आधी पावलं वळवायची, मग अंग.

उंची. केरसुणीने वाकून अंगण झाडण्यापेक्षा लांब दांड्याचा खराटा. जमिनीवरच्या विळीपेक्षा ओट्यावर चाकू-पाट. वाफ्यात उकिडवं बसून खुरपण्यापेक्षा लांब दांड्याचं खुरपं किंवा कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेल्या कुंड्या. डबे खांदा आणि गुडघा यांच्या मधल्या फळ्यांवर ठेवा. वर बघत टाचा उचलून जास्वंद तोडताना मान मागे जाते आणि चक्कर येते. उंच फांदी छाटून टाका आणि आजींना खालची फुलं तोडू द्या.

जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल आणि उठता येत असेल तर ती मोडू नका. दिवसात दोन-तीनदा जमिनीवरून उठणं ही मोठी कमाई आहे. फक्त शेजारी जड स्टूल किंवा पलंगाची कड असावी. गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल तर खाली बसायचं की नाही, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वेळ. उठल्या उठल्या काम नाही. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, घोटे दहा-बारा वेळा हलवायचे, मग उठायचं. शेतावरची किंवा अंगणातली कामं उजाडल्यावर. अंधारात गोठ्यात जाण्याची जुनी सवय असली तरी. जेवणानंतर रक्तदाब उतरतो म्हणून तासभर उभ्याचं काम नको. मार्च ते जून, विशेषतः विदर्भ, मराठवाडा, खानदेशात, सकाळी नऊनंतर उन्हातलं काम पूर्ण बंद. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो आणि तहान उशिरा लागते, त्यामुळे ऊन लागल्याचं त्यांना स्वतःला कळत नाही.

विसावा. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बसणं. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी. कामाच्या जागी बाकडं किंवा खुर्ची आधीच ठेवलेली असावी. ‘लागली तर आणू’ म्हटलं की ती येत नाही.

गोठ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण खेड्यात सर्वांत वाईट दुखापती तिथे होतात. जनावराचं दावं हाताला कधीही गुंडाळायचं नाही. जनावर बुजलं की माणूस फरफटत जातो. दावं नुसतं मुठीत, सुटेल असं धरायचं. खरं तर जनावर सोडणं-बांधणं दुसऱ्याने करावं आणि आजोबांनी दाणा घालणं, वैरण पेंढी-पेंढीने टाकणं, पाणी बघणं, दुधाचा हिशेब ठेवणं ही कामं घ्यावीत. ओल्या शेणावर रबरी स्लीपर अजिबात नको.

बैठी कामंही ठेवा, पण त्यांची मांडणी बदला. शेंगांची पाटी एका ठिकाणी, टरफलांची टोपली दहा पावलांवर. मटार सोलून झाले की भांडं स्वतः ओट्यावर नेऊन ठेवायचं. लसणाच्या आठ गड्ड्या एकदम देऊ नका, दोन-दोन द्या. चहा हातात नेऊन देण्याऐवजी ‘चला, चहा झालाय’ म्हणून स्वयंपाकघरात बोलवा. अशाने उठण्याचा आकडा आठवड्यात दुप्पट होऊ शकतो, आणि कुणी व्यायाम करतंय असं वाटतही नाही.

तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीच्या झोपेनंतरही कालचा थकवा किंवा दुखणं उरलं असेल तर कालचं माप जास्त झालं. तेच काम एक तृतीयांश कमी करा. सलग दोन आठवडे काही त्रास नसेल तर थोडं वाढवा. एका वेळी एकच काम वाढवायचं.

टप्पा ७: खाणं

ताकदीचा व्यायाम चालू आणि रात्रीचं जेवण चहा-खारी, असं असेल तर स्नायू बनणार कशाचे? काम करणाऱ्या ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टर ठरवतील.

घरच्या ताटात हे असं बसतं: दोन अंडी १२ ग्रॅम, २०० मिलि दूध ६ ते ७, कोरड्या ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ६ ते ७ आणि ते दोन्ही वेळा, ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी साधारण १०, वाटीभर दही ५, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट ५. अंडी चालत नसतील तर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि थोडं पनीर. वरण घट्ट हवं. वाटीच्या तळाशी डाळ आणि वर पाणी असं असेल तर आकडा निम्मा धरा.

दातांमुळे भाकरी सुटते, मग उसळ सुटते, आणि शेवटी दूध-भात उरतो. कवळी सैल झाली असेल तर ती नीट करून घेणं हे ताकदीच्या कामाचाच भाग आहे.

पाणी तहानेवर सोडू नका. सकाळी तांब्या भरून ठेवा आणि दुपारपर्यंत तो रिकामा झाला का ते बघा. रात्री उठावं लागू नये म्हणून बरेच जण दिवसभर पाणी तोडतात. त्याऐवजी संध्याकाळी सहानंतर कमी करावं. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्याचं बंधन घातलेलं असेल तर तेच पाळा.

सावधान: मधुमेहाचं औषध घेऊन उपाशीपोटी काम नको. कामावर जाताना खिशात किंवा कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी असावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं आणि माणूस नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

टप्पा ८: आजारपणातून परत येताना

वर्षभर नीट चाललेलं सगळं एका तापाने किंवा रुग्णालयातल्या आठवड्याने मोडतं. निरोगी ज्येष्ठांनाही दहा दिवस अंथरुणात ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले होते. म्हणून डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितलेली नसेल तर आजारातही जेवणाच्या दोन्ही वेळा पलंगावरून उठून खुर्चीत बसवा आणि संडासला आधाराने चालत न्या.

ताप गेल्यावर थेट जुन्या कामावर जाऊ नका. पहिले तीन दिवस फक्त घरात चालणं आणि खुर्चीतून उठणं. मग टप्पा ३ च्या चाचण्या पुन्हा. आकडे घसरले असतील तर टप्पा ५ पहिल्या आठवड्यापासून. इथे लोक चिडतात, कारण महिना वाया गेल्यासारखा वाटतो. पण याच काळात सर्वाधिक पडायला होतं: माणूस मनाने बरा झालेला असतो, पाय अजून झालेले नसतात.

टप्पा ९: पडल्यावर

लगेच ओढून उभं करू नका. आधी विचारा कुठे दुखतं. खुबा किंवा जांघ दुखत असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, चोळू नका, तेल लावू नका. १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस ठीक बोलत असला तरी लगेच रुग्णालयात न्या.

काही लागलेलं नसेल तर उठायची रीत अशी: कुशीवर वळायचं, कोपरावर आणि मग हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, बसायच्या जागेवर दोन्ही हात ठेवायचे, जास्त ताकदीचा पाय पुढे टेकवायचा आणि ढकलून वळून बसायचं. आपण खुर्ची धरून ठेवायची, माणूस ओढायचा नाही. ही रीत तब्येत चांगली असतानाच पलंगावर, मग सतरंजीवर करून ठेवा.

टप्पा १०: जी कामं खरोखर सोडायची

शिडी आणि माळा. एकट्याने विहीर किंवा शेततळं. बुजणारं जनावर. रस्त्यावरची दुचाकी. ओल्या गच्चीवर वाळवण घालणं-काढणं. गॅस चालू ठेवून विसरणं एकदा घडलं असेल तर लक्ष ठेवा. दुसऱ्यांदा घडलं तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या आणि शेगडीवरचं काम कुणाच्या सोबतीनेच.

ही कामं काढताना एका दिवसात हुकूम काढू नका. आधी काम दोघांनी करायचं. मग दुसऱ्याने करायचं आणि आजोबांनी उभं राहून बघायचं, चूक सांगायची. त्याच वेळी त्या कामातला जो भाग जमतो तो त्यांच्याकडे पक्का ठेवायचा. आंबे उतरवायला झाडावर दुसरा चढेल, पण अढी लावणं, रोज चाचपून पिकलेला आंबा वेगळा काढणं आणि कुणाच्या घरी किती पाठवायचे हे आजोबांचं. गच्चीवर सून जाईल, पण पापडाचं पीठ झालं की नाही ते आजीच सांगतील.

आणि दिलेल्या कामाला वाट बघणारं कुणीतरी असू द्या. नाना संध्याकाळी दुधाचा हिशेब सांगतात तेव्हा घरातल्या एकाने वही घेऊन समोर बसावं आणि आकडा खरंच लिहून घ्यावा. चुकला तर त्यांच्या पाठीमागे दुरुस्त करू नये. ‘नाना, मंगळवारचं दूध दोनदा धरलं गेलंय का, एकदा बघता का?’ असं विचारावं आणि ते बघेपर्यंत थांबावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच वहीच्या मागच्या पानावर खुर्चीची चाचणी, चालण्याची चाचणी आणि तोलाची चाचणी यांचे तीन नवे आकडे लिहावेत.